आंबेजोगाईचा खोलेश्वर सेनापति व त्याचें घराणें

बालाघाटाच्या डोंगरांत, बीडजवळील मांजरसुंब्यापासून थोड्या अंतरावर, कपिलधार हें क्षेत्र आहे. तेथील धबधब्यालगत मन्मथस्वामींची समाधि असून कार्तिकी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. स्वामींच्या 'परमरहस्य' ग्रंथाच्या पोथ्यांच्या शोधार्थ आपल्यापैकीं जे संग्राहक तिकडे जातात, त्यांस आमची एक विनंति आहे. परततांना नेकनूर व केज या वाटेनें आंबेजोगाई गांठावी, आणि दासोपंतांची पासोडी पाहून झाली म्हणजे लगेच माघारी फिरूं नये. चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर लिहिलेल्या त्या पोथीचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु तिच्याही पूर्वीं सुमारें साडेतीनशें वर्षांचा एका घराण्याचा इतिहास याच गांवीं दगडावर कोरलेला आहे, आणि तो वाचण्यास थांबणारे फार थोडे.

हें घराणें यादव सम्राट् सिंघणदेव याचा सेनापति खोलेश्वर याचें होय. सिंघणाचा राज्यकाल सुमारें इ. स. १२१० ते १२४६ असा धरतात. आंबेजोगाईचे जे लेख आपणांस येथें उपयोगी आहेत, त्यांपैकीं एक शके ११५० म्हणजे इ. स. १२२८ चा असून दुसरा शके ११६२ म्हणजे इ. स. १२४० चा आहे. गणेश हरि खरे यांनीं 'दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाचीं साधनें' या ग्रंथाच्या १९३० सालच्या पहिल्या खंडांत हे लेख अभ्यासकांपुढें आणिले. जुन्या अहवालांत शोध घेणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, निजामी राजवटींत या गांवास मोमिनाबाद म्हणत. त्या नांवाखालीं न पाहिल्यामुळें कित्येकांचा शोध फुकट गेलेला आम्हांस ठाऊक आहे.

खोलेश्वर हा मुद्गलगोत्री ब्राह्मण, मूळचा विदर्भाकडील. अमरावती जिल्ह्यांतील खोलापूर या गांवास त्याच्याच नांवावरून तें नांव पडलें, असें अभ्यासक मानतात. अशा पुरुषाचें युरोपीय इतिहासांत कोणाशीं साम्य पाहावयाचें, तर तें तेथील 'ड्यूक' या पदवीच्या सरदारांशीं पाहावें. हा शब्द लॅटिन 'डुक्स' यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ पुढें नेणारा, सैन्याचा नायक, असाच आहे. आपल्याकडील 'सेनानी' शब्दांतही 'नी' म्हणजे नेणें हाच धातु आहे. शब्दांचा अर्थ जुळला तरी पदांचें भवितव्य मात्र जुळलें नाहीं. तिकडे ड्यूकपद वंशपरंपरागत होऊन मुलीकडेही जाऊं शके. आक्वितेनचा ड्यूक दहावा विल्यम इ. स. ११३७ मध्यें वारला, तेव्हां ती सारी दौलत त्याची कन्या एलिनॉर हिला मिळाली, आणि तिच्या विवाहांबरोबर प्रथम फ्रान्सच्या व नंतर इंग्लंडच्या राजाकडे गेली. आंबेजोगाईच्या कन्येच्या वांट्यास काय आलें, तें पुढें येईलच.

आतां पराक्रमाविषयीं. प्रशस्तींतील विजयांची यादी वाचतांना वाचकानें थोडें जपून असावें, हें आम्ही वेगळें सांगावयास नको. भंभागिरीचा लक्ष्मीदेव खोलेश्वरानें जिंकला असें आंबेजोगाईचा लेख सांगतो. ही भंभागिरी म्हणजे धुळें जिल्ह्यांतील भामेर असें समजतात. हाच विजय हेमाद्रीच्या राजप्रशस्तींत रंभागिरीचा लक्ष्मीधर अशा किंचित् निराळ्या नांवांनीं येतो, आणि तेथें श्रेय सिंघणाचें आहे! सेवकानें तरवार चालवावी व स्वामीच्या नांवावर ती जमा व्हावी, हा दरबारी रिवाज. पण याचा आपणांस लाभच आहे. दोन भिन्न हेतूंनीं लिहिलेल्या लेखांत एकच गोष्ट आल्यानें ती बळकट होते.

गुजराथच्या स्वाऱ्यांसंबंधीं तर प्रतिपक्षाचें म्हणणेंही उपलब्ध आहे. सिंघणाच्या आगमनानें तिकडील प्रजेची उडालेली गाळण सोमेश्वर कवीनें 'कीर्तिकौमुदी'त वर्णिली आहे, व जयसिंहसूरीच्या 'हम्मीरमदमर्दन' नाटकांत वस्तुपालाच्या हेरांनीं यादवपक्षांत फूट पाडल्याची कथा आहे. 'लेखपद्धति' नामक ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत १९२५ मध्यें छापला गेला. त्यांत सिंघण व लवणप्रसाद यांच्यामधील तहाचा मसुदा असून त्याची मिति संवत् १२८८ ची, म्हणजे इ. स. १२३१-३२ ची आहे. दोघांनीं आपापल्या सीमेंत राहावें व परशत्रूविरुद्ध एकमेकांस साहाय्य करावें, असा त्याचा आशय. हा पत्रलेखनाचा नमुनाग्रंथ असल्यानें मसुदा खऱ्या तहाचा कीं केवळ उदाहरणादाखल, असा संशय घेतला गेला आहे. आमच्या मतें नमुना म्हणून घेतला तरी लेखकानें तो डोळ्यांपुढील राजकारणावरूनच बेतला असला पाहिजे.

खरा असो वा नमुन्याचा, तो तह टिकला नाहीं. खोलेश्वराचा पुत्र राम हा यादवसैन्य घेऊन पुन्हा गुजराथेवर गेला आणि नर्मदेच्या तीरीं झालेल्या लढाईंत पडला. तो प्रसंग कोणत्या वर्षींचा, हें शके ११६२ च्या लेखावरूनच ठरवावें लागतें. त्या वर्षीं किंवा त्याच्या थोडें आधीं, याहून अलीकडे तो आणतां येत नाहीं. वाघेला विसलदेव याच्या संवत् १३१७ च्या कडीच्या ताम्रपटांत सिंघणाच्या सैन्यरूपी सागरास शोषणारा वडवानल असें त्याचें वर्णन आहे. दोन्हीं लेख समोरासमोर ठेविले असतां तें वर्णन निव्वळ कविप्रौढि नव्हे, असें मानण्यास जागा आहे. जिंकणारानें उपमा दिली, हरणारानें मृत्यु नोंदविला. अशा वेळीं आम्ही दुसऱ्या साक्षीवर अधिक भार देतों. आपल्या पक्षाची हानि कोणी हौसेनें दगडावर कोरीत नाहीं.

मग ती कोरली कोणीं? रामाची बहीण लक्ष्मी हिनें. भावाच्या स्मरणार्थ तिनें आंबेजोगाईस रामनारायणाचें देऊळ बांधविलें, आणि त्या देवळाच्या लेखामुळेंच खोलेश्वराच्या घरची ही गोष्ट आज आपणांस कळते. देवाच्या नांवांत भावाचें नांव गुंफण्याची ही रीति सर्वत्र आढळते. राजे व सरदार आपलीं नांवें शिवालयांस देत आलेच आहेत. येथें विशेष तो इतकाच कीं, स्मारक जेत्याचें नसून रणीं पडलेल्याचें आहे, व करविणारी त्याची भगिनी आहे. आक्वितेनच्या कन्येस दौलत मिळाली. आमच्या लक्ष्मीची खूण म्हणून एक देऊळ व एक शिळा एवढेंच राहिलें.

त्यांतही काळानें एक गंमत केली. ज्या शिळेवर लक्ष्मीनें भावाचें नांव राखलें, तिचें देवालय लोकांच्या तोंडीं खोलेश्वराचें म्हणूनच चालत आलें आहे. बापाच्या कीर्तीनें मुलाचें नांव झांकलें, आणि बांधविणारीचें तर कोणाच्या ध्यानींही राहिलें नाहीं. गांवांत विचारलें असतां सेनापतीचें देऊळ कोणीही दाखवितो. रामनारायण म्हटलें कीं ऐकणारा विचारांत पडतो.

संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. ज्यांच्यापाशीं या लेखाचे ठसे आहेत, त्यांनीं आपल्या यादींत त्यावर 'खोलेश्वराचा लेख' एवढेंच लिहूं नये. शके ११५० चा लेख खोलेश्वराचा म्हणावा. शके ११६२ च्या लेखापुढें आम्हीं आमच्या वहींत 'लक्ष्मी, खोलेश्वराची कन्या, रामाची बहीण' अशी नोंद केली आहे.