बर्टनच्या पाण्यावरील आळ

इंग्लंडांत ट्रेंट नदीच्या कांठीं बर्टन नांवाचें गांव आहे. १८२० नंतर तेथील फिकट रंगाची बिअर हिंदुस्थानांत येऊं लागली. तिचा लौकिक वाढला, आणि लौकिकामागोमाग आळहि आला. १८३० च्या सुमारास लंडनच्या एका ज्ञानप्रसारक मंडळाच्या पुस्तिकेंत बर्टनचे कारखानदार भेसळ करतात असा आरोप झाला. ते न्यायालयांत गेले. आणि जिप्सम निघालें तें विहिरींच्या पाण्यांतच! जमिनीच्या थरांतून झिरपतांना पाणीच तें घेऊन येत असे.

या खनिजाचें कार्य दुहेरी. त्यांतील कॅल्शियम मोड आणलेल्या सातूच्या कढणाची आम्लता योग्य राखतें. सल्फेटमुळें हॉप फुलांचा कडूपणा स्वच्छ लागतो. लंडनच्या पाण्यांत कार्बोनेट अधिक. तें काळ्या पोर्टरला मानवे, फिकट बिअरला नाहीं. म्हणून लंडनचे कांहीं कारखानदार बर्टनलाच शाखा काढते झाले. पुढें १८७८ सालीं रसायनज्ञ चार्ल्स व्हिन्सेंट यानें इतर ठिकाणच्या पाण्यांत जिप्सम मिसळण्याची रीत मांडली. भेसळ म्हणून जें निंदिलें गेलें, तेंच शास्त्र ठरलें. त्याला नांवहि ‘बर्टनीकरण’ पडलें!

१९६३ सालीं ब्रिटनमध्यें घरगुती बिअरवरील परवान्याचें बंधन उठलें, आणि हें शास्त्र स्वयंपाकघरांत शिरलें. नळाचें पाणी उकळून निववितात, म्हणजे चुना खालीं बसतो. वरची निवळ तेवढी घेतात. क्लोरीन उकळण्यानें उडून जातो. क्लोरामाइन मात्र चिवट. त्याला कोळशाची गाळणी किंवा किंचित् मेटाबायसल्फाइट लागतें. एवढें पाणी शुद्ध केल्यावर त्यांत जिप्सम तोलून घालतात.