विवाहाचा कायदा आणि मनाचे स्वास्थ्य

समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मिळाल्याने माणसांच्या आयुष्यात नेमके काय बदलते? डेन्मार्कने १ ऑक्टोबर १९८९ रोजी समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंदणी सुरू केली, नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ पासून विवाहच खुला केला, आणि तेव्हापासून या प्रश्नावर मोजून-तपासून बोलता येऊ लागले. मराठीत हा विषय बहुधा धर्म, संस्कृती आणि हक्क यांच्या वादात येतो व तिथेच अडकतो. पुढल्या पानांत तो डॉक्टर, वकील, समाजकार्यकर्ते आणि संख्याशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून पाहिला आहे. यांपैकी कोणतीही विद्या शिकलेली नसली तरी वाचकाने निःसंकोच आत यावे. एखाद्या घरात नुकतेच मुलाने किंवा मुलीने काही सांगितले असेल, तर त्या घराने तर अवश्य यावे.

मराठी वाचकाला हे क्षेत्र परके वाटण्याचे कारण नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केले तेव्हा त्या कायद्याला छत्तीस वर्षे उलटली होती, तरी त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. कायदा मंजूर होणे आणि गावाने पंगतीला बसवणे यांत केवढे अंतर असते आणि त्या अंतरात माणसाच्या मनाचे काय होते, हाच आपला विषय. याच कर्व्यांचे पुत्र रघुनाथराव यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरोधात गेला. तरीही या अभ्यासाचा मराठी प्रारंभ मी तिथेच मानतो.

मी हे हुबळीत बसून लिहितो आहे. लग्नसराईत कोप्पीकर रोडवरच्या दुकानांत कन्नड, मराठी, कोकणी, हिंदी एकाच काउंटरवर ऐकू येतात, आणि खरेदीला अख्खे घर आलेले असते. लग्न आपल्याकडे दोघांपुरते क्वचितच असते. मामा-मावशीपासून बँकेच्या कारकुनापर्यंत सगळ्यांनी ‘ही दोघे एकमेकांची’ असे मानण्याची ती रीत आहे. ज्यांना ती बंद आहे त्यांचे नुकसान मांडवात दिसत नाही. ते दिसते शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर, भाडेकरारावर, आणि कित्येक वर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराचा देह ताब्यात मागताना.

शेजारच्या धारवाडात १८४५ साली मनोरुग्णांसाठी सुरू झालेले इस्पितळ आज मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान यांची मोठी संस्था झाले आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तिथल्या रुग्णाला एक विलक्षण सोय दिली आहे : आपला प्रतिनिधी म्हणून कोणाही सज्ञान व्यक्तीला त्याला लेखी नेमता येते. त्यासाठी रक्ताचे किंवा लग्नाचे नाते लागत नाही. लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करू नये, असेही त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मन आजारी पडले तर माझे माणूस कोण हे मी ठरवू शकतो. पण हाड मोडून दाखल झालो की त्याच माणसाला दारात विचारले जाते, ‘तुम्ही यांचे कोण?’

आता पुराव्याकडे. इलान मायर यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडलेला अल्पसंख्याकांवरील ताणाचा सिद्धान्त सांगतो की, समलिंगी माणसांतील नैराश्याचे मूळ त्यांच्या कलात नसते. सतत लपवण्यात आणि केव्हाही अपमान होईल या धास्तीत असते. मार्क हॅट्झनब्यूलर आणि सहकाऱ्यांनी तो पडताळून पाहिला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मे २००४ मध्ये समलिंगी विवाह सुरू झाले. तिथल्या एका आरोग्यकेंद्रातील १,२११ समलिंगी व उभयलिंगी पुरुषांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. कायदा आल्यानंतरच्या बारा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या आणि मानसोपचाराच्या फेऱ्या घटल्या होत्या, आणि एकट्या राहणाऱ्यांच्याही तितक्याच घटल्या होत्या. मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला लग्न करायचेच नव्हते त्यालाही कायद्याने काही दिले. उलट, ज्या राज्यांनी २००४-०५ मध्ये असे विवाह घटनादुरुस्तीने रोखले, तिथल्या समलिंगी व उभयलिंगी लोकांत नैराश्यासारख्या भावविकारांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. पुढे २०१७ मध्ये ज्युलिया रायफमन यांच्या अभ्यासात, विवाह खुला करणाऱ्या राज्यांतील शाळकरी मुलांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांत ७ टक्के घट आढळली. ती मुले काही उद्या बोहल्यावर चढणार नव्हती.

मात्र हे आकडे सावधपणे वाचावेत. जी जोडपी लग्न करतात ती आधीपासूनच थोडी स्थिर, थोडी सुखी असू शकतात. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये समलिंगी विवाहितांतील आत्महत्या १९८९-२००२ च्या तुलनेत २००३-२०१६ मध्ये ४६ टक्क्यांनी कमी झाल्या, तरी इतर विवाहितांच्या दुपटीहून अधिकच राहिल्या. ऑस्ट्रेलियात २०१७ च्या टपाली कौलात ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला. पण त्या प्रचारातले विरोधी संदेश ज्या समलिंगी व उभयलिंगी लोकांच्या कानांवर अधिक पडले, त्यांच्यात नैराश्य आणि चिंताही अधिक दिसली. एखाद्याच्या संसाराचा निर्णय शेजाऱ्यांच्या मतदानावर सोपवण्याची ही किंमत आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती परदेशी निबंधांत भेटणार नाही. इथे लग्न न होण्याइतकाच लग्न लावून दिले जाण्याचाही ताण असतो. मुलगा गप्प राहतो, घरचे स्थळ पाहतात, आणि काहीही ठाऊक नसलेली एक मुलगी त्या घरात सून म्हणून येते. तिचे स्वास्थ्यही या हिशेबात धरलेच पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘सुप्रियो’ खटल्यात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. सहजीवनाच्या नोंदणीवर ते तीन विरुद्ध दोन असे विभागले. मान्यतेच्या बाजूने असलेल्या दोघांत एक होते तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये विवाहाच्या समान हक्काला पाठिंबा दिला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये, अशा जोडीदारांनी बँकेत संयुक्त खाते उघडण्यास मनाई नाही, असे केंद्र सरकारने कळवले. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले की, विवाह हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे.

नवख्या वाचकाने आधी मॅसॅच्युसेट्सचा अभ्यास वाचावा, मग ‘सुप्रियो’ निकालातील अल्पमत आणि बहुमत दोन्ही, आणि त्यानंतर मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे प्रतिनिधी नेमण्याविषयीचे कलम चौदा. ते कलम आजच वापरता येते. साध्या कागदावर आपल्या माणसाचे नाव लिहून सही करायची असते, आणि लिहिणाऱ्याचे लग्न झाले आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही.