ह्यूस्टनच्या राखाडी कॅसेटी

२७ जून १९९६ रोजी डीमो नावाच्या एका तरुणाचा वाढदिवस होता. ह्यूस्टनच्या दक्षिण भागातली पोरं तेव्हा करायची तेच त्याने केलं. मित्रांना घेऊन तो डीजे स्क्रूच्या घरी गेला आणि स्वतःच्या नावाची टेप करून मागितली. स्क्रूने क्रिस क्रॉस या जोडीच्या एका गाण्याचा नुसता ठेका संथ करून लावला, आणि माइक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरू लागला. बिग मो, बिग पोकी, यंगस्टार, की-सी हे रॅपर, सगळे त्या खोलीत होते. कुणी काही लिहून आणलं नव्हतं. सुचेल तसं, यमकाला यमक जोडत, पस्तीसहून जास्त मिनिटं ते चालू राहिलं.

आज ह्यूस्टनमध्ये २७ जून पाळला जातो. त्या दिवशी ती टेप गाड्यांतून, अंगणांतून, रेडिओवरून वाजते. इथे राहायला आल्यावर पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा मला तो निव्वळ जल्लोष वाटला, आणि जल्लोष तो आहेच. पण त्या खोलीतली काही माणसं एकेक करून गेली आहेत. स्क्रू २००० मध्ये गेला, बिग मो २००७ मध्ये. बिग पोकी २०२३ च्या जूनमध्ये बोमाँट शहरात कार्यक्रम चालू असताना कोसळला आणि गेला. २७ तारीख तेव्हा दहा दिवसांवर आली होती. त्या वर्षीही टेप वाजली. लोक हसत होते, त्याच्या ओळी त्याच्याबरोबर म्हणत होते आणि डोळे पुसत होते. वाढदिवस आणि वर्षश्राद्ध एकाच टेपवर होतं, आणि त्यात कुणालाच काही विसंगत वाटत नव्हतं. हे असं का झालं, ते समजून घ्यायचं तर त्या टेपा कशा तयार होत आणि कशा विकल्या जात, तिथून सुरुवात करावी लागते.

स्क्रूचं खरं नाव रॉबर्ट अर्ल डेव्हिस. जन्म २० जुलै १९७१. तो वाढला ऑस्टिनच्या आग्नेयेला असलेल्या स्मिथव्हिल नावाच्या छोट्या गावात. वडील लांब पल्ल्याचे ट्रक चालवत. आवडलं नाही ते गाणं तो स्क्रूने ओरखडून टाकायचा, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. ह्यूस्टनला आल्यावर त्याच्यासमोर डॅरिल स्कॉटसारख्या जुन्या डीजेचा वस्तुपाठ होता. स्कॉट काही गाणी मुद्दाम कमी वेगाने लावून टेपा विकायचा. १९९० च्या आसपास स्क्रूने तो धागा उचलला आणि त्याचं एक पूर्ण शास्त्र केलं.

दोन टर्नटेबलांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या. दोन्हींचा वेग उतरवलेला, आणि दुसरी पहिलीपेक्षा एक ठोका मागे. मधल्या मिक्सरवरची पट्टी इकडून तिकडे सरकवली की नुकताच ऐकलेला शब्द पुन्हा ऐकू येतो, जणू कुणी खांद्यावर हात ठेवून थांबवलं आणि म्हटलं, हे ऐक. मग हे सगळं टेपवर घेताना वेग आणखी उतरवायचा. आवाज जड होतो, खोल जातो, तरण्या पोराचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा येतो. गाणारा काय म्हणतोय ते नीट कळावं म्हणून मी वेग कमी करतो, असं स्क्रूने स्वतः सांगितलेलं आहे. मी ते अक्षरशः खरं मानतो. या गाण्यांत गल्ल्यांची नावं असतात, मित्रांची नावं असतात, आणि ती निसटू नयेत एवढीच त्याची इच्छा होती.

मी मूळचा सोलापूरचा. माझ्या वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचं आणि वडील कोऱ्या कॅसेटवर ती गाणी भरून द्यायचे, दोन बाजू मिळून साठ नाहीतर नव्वद मिनिटं, खोक्यावर बॉलपेनने नावं. स्क्रूचा धंदा हाच होता. लोक यादी घेऊन यायचे. राखाडी रंगाच्या मॅक्सेल कॅसेटवर तो ती भरायचा, वर स्वतःच्या अक्षरात नाव लिहायचा, आणि दहा डॉलरला द्यायचा. फरक एवढाच की माझ्या वडिलांच्या कॅसेटवर गिऱ्हाइकाचा आवाज नसे. स्क्रूकडे टेप मागणारा माणूस मित्रांना घेऊन यायचा, आणि ते सगळे टेपवर बोलायचे: अमक्याला सलाम, तमक्या गल्लीला सलाम, तुरुंगात असलेल्याला सलाम, आणि गेलेल्यालाही. साउथ पार्क, थर्ड वॉर्ड, येलोस्टोन अशा वस्त्यांची हजेरीच लागे त्यात. मोठ्या कंपन्यांना दक्षिणेकडच्या या पोरांत रस नव्हता. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पलीकडे त्यांचं लक्ष फारसं जात नव्हतं. त्यामुळे ज्यांचं नाव कुठेच छापून आलं नसतं अशांची नावं राखाडी कॅसेटवर आली.

संध्याकाळी ठरलेल्या वेळी स्क्रूच्या घराचं फाटक उघडायचं आणि रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असायची. इतकी रांग पाहून पोलिसांना अमली पदार्थांचा संशय आला, झडतीही झाली, आणि आत सापडल्या त्या कॅसेटी. १९९८ मध्ये त्याने कलन बुलेव्हार्डवर दुकान उघडलं, ‘स्क्रूड अप रेकॉर्ड्स अँड टेप्स’. तिथे फक्त त्याच्याच टेपा मिळत.

याच वर्षी, ३ फेब्रुवारीला, त्याच्या टेपांवर गाणाऱ्या मंडळींतला सगळ्यात लाडका गायक फॅट पॅट गोळी लागून मेला. त्याचा पहिला अल्बम आला तो त्याच्यामागे. भाऊ बिग हॉक त्याची आठवण गात राहिला, आणि १ मे २००६ रोजी तोही तसाच मारला गेला. एकाच आईची ही दोन मुलं. या शहरात त्यांची गाणी लागली की मोठाले बापे आवाज वाढवतात आणि बोलायचं थांबतात, हे मी पाहिलेलं आहे.

स्क्रू स्वतः १६ नोव्हेंबर २००० रोजी त्याच्या स्टुडिओत मृतावस्थेत सापडला. वय २९. शवचिकित्सेत कोडीनचा अतिरेक निघाला. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध थंड पेयात मिसळून पिण्याची सवय त्या काळी इथे पसरली होती आणि तिने पुढेही कित्येकांचा घास घेतला. हे झाकण्यात अर्थ नाही, गेलेल्यांच्या बाबतीत तर नाहीच. पण त्यानंतर बाहेरच्यांनी हे संगीत म्हणजे त्या औषधाचाच आवाज असं लिहायला सुरुवात केली, ते मला मान्य नाही. दोन तबकड्या एका ठोक्याच्या अंतराने तासन् तास चालवणं हे गुंगीत होणारं काम नव्हे. त्याला कान लागतो, हात लागतो, आणि शंभर मिनिटांत कुणाचं नाव राहून जाऊ नये याची काळजी लागते.

त्याच्यामागे शोकाची जी रीत इथे रुजली ती रस्त्यावरची आहे. जुन्या कॅडिलॅक, ब्यूक, ओल्ड्समोबिल गाड्या, साखरेच्या पाकासारखा चमकता रंग, आणि चाकांमधून बाहेर आलेले तारांचे टोकदार रिम, १९८३ आणि १९८४ च्या कॅडिलॅकवर यायचे त्या धर्तीचे. या गाड्या रविवारी मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्डवरून मॅकग्रेगर पार्ककडे अगदी हळू जातात. मधेच डिकी उघडते आणि आत निऑनच्या अक्षरांत मजकूर पेटतो. कधी तो गमतीचा असतो, कधी गाडीवाल्याच्या वस्तीचं नाव. पुष्कळदा मात्र तिथे गेलेल्या माणसाचं नाव असतं: भावाचं, मित्राचं, स्क्रूचं, पॅटचं. पार्कच्या कडेला उभी असलेली पोरं ते नाव मोठ्याने वाचतात आणि टाळ्या वाजवतात.

टेपांवर ज्याची हजेरी लागे त्या थर्ड वॉर्डलाच ह्यूस्टन विद्यापीठ लागून आहे. मी तिथे शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गातले आम्ही देशी विद्यार्थी संध्याकाळी त्या बाजूला फिरकत नसू. आधीच्या कुणीतरी तसं सांगून ठेवलेलं होतं. त्याच वस्तीत क्यूनी होम्समध्ये एक उंच मुलगा वाढला, जॅक येट्स शाळेत फुटबॉल खेळला, आणि नव्वदच्या दशकात ‘बिग फ्लॉइड’ या नावाने स्क्रूच्या टेपांवर बोलला. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, आणि जगाने त्याचा आवाज ऐकला तो श्वासासाठी झगडताना. ह्यूस्टनकडे त्याचा दुसरा आवाज होता: संथ, खर्जातला, मजेत यमकं जुळवणारा, विशीतला. ९ जूनला त्याचा अंत्यविधी ह्यूस्टनमध्ये झाला. जगाला जो निव्वळ बळी म्हणून माहीत झाला, त्याला स्क्रूच्या टेपांनी माणूस म्हणून जपून ठेवलेलं होतं. या धंद्याचं याहून मोठं काम मला माहीत नाही.

स्क्रूच्या संग्रहातल्या दीड हजारांवर तबकड्या आता ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. २०१२ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं होतं. २०२२ मध्ये लान्स स्कॉट वॉकर यांनी त्याचं चरित्र लिहिलं, तेही त्याला ओळखणाऱ्यांना बोलतं करून. ट्रॅव्हिस स्कॉटने २०१८ च्या अल्बममध्ये एक अख्खं गाणं त्याच्या नावाने केलं, आणि ज्यांच्या जन्माआधी स्क्रू गेला त्या मुलांना त्याचं नाव कळलं. टेपा सीडीवर आल्या, तीनशेवर क्रमांकांची मालिकाच झाली.

तरी एक काम राहिलेलं दिसतं आणि ते मला बेचैन करतं. गाणी कुठली ते ओळखता येतं. पण मधे मधे बोलणारे, हसणारे, गेलेल्यांना सलाम करणारे ते आवाज कुणाचे, हे फक्त त्या काळच्या मंडळींना कळतं, आणि ती मंडळी आता पन्नाशीत आहेत, भराभर कमी होत आहेत. त्यांच्यासमोर एकेक टेप लावून विचारायला हवं: हा कोण, ही टेप कुणी मागितली, कशासाठी मागितली, त्या रात्री खोलीत आणखी कोण होतं, ज्याचं नाव घेतलं तो पुढे कुठे गेला. आणि जे सांगतील ते टेपेच्या क्रमांकासह लिहून ठेवायला हवं, बिग पोकीसारखं आणखी कुणी जाण्याआधी.