सरकारवाडा : नाशिकच्या लाकडात लिहिलेला इतिहास

१/ फेब्रुवारी १८२८. पुण्याच्या शनिवारवाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. मजले, दिवाणखाने, कोरीव खांब जळून गेले. तट आणि जोती तेवढी उरली. पेशवाईतले घर आतून कसे होते, हे पाहायचे असेल तर नाशिकच्या सराफ बाजाराकडे वळावे लागते.

२/ तिथला सरकारवाडा अठराव्या शतकातला. ‘गुलशनाबाद’ मागे पडून ‘नाशिक’ हे नाव पुन्हा रूढ झाले, नारोशंकराचे मंदिर (१७४७) आणि सुंदरनारायण (१७५६) उभे राहिले, ते हेच शतक. आज हा वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे.

३/ खाली काळा दगड, वर सागवान. ही मांडणी केवळ शोभेची नव्हे. गोदावरी जवळच आहे. पाण्याला तोंड देण्यासाठी दगड, आणि मजल्यांचा भार हलका ठेवण्यासाठी लाकूड. पूर बाजारात शिरला की आजही लोक या वाड्याच्या पायऱ्यांकडे पाहतात.

४/ आत शिरल्यावर नजर वर न्यावी. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. हाच कडीपाट. बराचसा भार हा सांगाडा पेलतो. लाकडे एकमेकांत खाचा पाडून बसवलेली असल्यामुळे सांधा किंचित हलतो, पण सहसा तुटत नाही.

५/ दोन खांबांमधले अंतर म्हणजे ‘खण’. घराचे माप, वाटणीचे माप, भाड्याचेही माप तेच. ‘दोन खणांची जागा’ हा शब्दप्रयोग चाळींपर्यंत पोहोचला, तो अशा सांगाड्यांतून.

६/ पेशवाई गेली, वाडा राहिला. इंग्रजी अमलात तो सरकारी कामाला आला. १८४० साली स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालयही काही काळ येथे होते. शहरातील एका पोलीस ठाण्याचे नाव आजही ‘सरकारवाडा’ आहे.

७/ या लाकडाला आणखी एक मोल आहे. सागाच्या खोडात साधारणपणे वर्षाला एक कडे वाढते; पावसाप्रमाणे ते रुंद किंवा अरुंद होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांनी सागाच्या अशा कड्यांवरून जुन्या मान्सूनचा मागोवा घेतला आहे. म्हणजे जुनी तुळई हा एक दप्तरखानाच. ती भंगारात गेली की ते दप्तरही गेले.

८/ मग जपायचे काय, मूळ लाकूड की ते घडवण्याची विद्या? जपानमध्ये इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्या लाकडात बांधतात; तिथे विद्येची परंपरा अखंड राहते. १९९४ च्या नारा दस्तऐवजानेही अस्सलपणाची कसोटी केवळ मूळ द्रव्यापुरती ठेवली नाही. आपल्याकडे पेच असा की लाकूडही जाते आणि ते जोडणारे हातही.

९/ सरकारवाड्याला कायद्याचे छत्र आहे. जुन्या नाशिकमधील बहुतेक खासगी वाड्यांना ते नाही. गोठलेली भाडी, अनेक वारस, वर्षानुवर्षांचे दावे. दुरुस्ती कोणालाच परवडत नाही. दर पावसाळ्यात एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते, कधी त्याखाली माणसेही सापडतात. म्हणून ‘मालकाला वारशाची किंमत नाही’ असे म्हणणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. वारसा जपण्याचा खर्च एका घराने सोसायचा आणि अभिमान साऱ्या शहराने मिरवायचा, हा हिशेब जुळत नाही.

१०/ तो जुळेपर्यंत आपल्या हाती एक काम आहे. ओळखीतला एखादा वाडा उतरवला जाणार असेल तर आधी परवानगी घेऊन, सुरक्षित भागातूनच, खण मोजा, चौकाचा आराखडा काढा, सांध्यांची छायाचित्रे घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणत्या खोलीचे नाव काय ते विचारा. शनिवारवाड्याची ही मापे घ्यायला आज कोणीही जाऊ शकत नाही. शेजारच्या वाड्याची अजून घेता येतील.