इंजिन चालूच होते

‘द लिटल प्रिन्स’ (१९४३) मधला वैमानिक इंजिन बिघडल्याने सहारात उतरतो. सोबत मेकॅनिक नाही. सेंत-एक्झुपेरीचा प्रत्यक्ष अपघात निराळा. ३० डिसेंबर १९३५च्या पहाटे, पॅरिस-सायगाव उड्डाणात, त्याचे स्वतःचे सिमून विमान लिबियन वाळवंटात आदळले तेव्हा इंजिन चालूच होते. चुकला होता तो स्थानाचा अंदाज. दगा देणारी इंजिने त्याच्या परिचयाची होती ती १९२०च्या दशकातील टपाल-विमानांची. सहारावरून ती विमाने जोडीने उडत. एक उतरलेच तर दुसऱ्याने वैमानिकाला उचलावे.

हा बदल आम्हांला केवळ सोयीचा वाटत नाही. मोडक्या विमानापासून माणूस पाण्याच्या शोधात दूर चालू लागतो, तसा तो १९३५मध्ये चाललाही. बिघडलेले इंजिन मात्र त्याला एका जागी बसवून ठेवते. राजपुत्राला असा बसलेला श्रोता हवा होता. आणि सिमूनमधला मेकॅनिक आंद्रे प्रेव्हो कथेत आला असता, तर पाना त्याच्याच हाती गेला असता!