कोटितीर्थापर्यंतची वाट

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांपाशी पोहोचण्याआधी आपल्याला पेशव्यांच्या पुण्यात थोडे थांबावे लागेल. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पदरी तेथे गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार होता. १७९० च्या नोव्हेंबरात त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रंगवला, पुढे वेरूळची लेणी जलरंगांत उतरवली. १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या दृश्यांचा मोठा ग्रंथ निघाला, तेव्हा त्यावर नावे आली ती जेम्स वेल्स आणि टॉमस डॅनियल यांची. तांबटाची ओळख इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी गेली नाही, ही खंत बाळगण्याजोगीच. त्या काळी जलरंग हे नोंदीचे साधन होते. कोणती वास्तू कुठे, कशी उभी आहे हे साहेबाला कळावे, एवढ्यासाठी चित्र.

तिकडे इंग्लंडात विल्यम रीव्ह्ज याने रंगांच्या घट्ट वड्या बनवून १७८१ मध्ये पदक मिळवले होते. १८४६ च्या सुमारास विन्सर अँड न्यूटनने जलरंग नळ्यांत भरले. रंग खलत बसण्याचे काम सरले आणि चित्रकार पेटी घेऊन उघड्यावर जाऊ लागला. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल निघाले, आणि ही पारदर्शक रंगांची पद्धत आपल्या मुलांच्या हाती आली. आपल्या लघुचित्रांत पांढरा रंग लावला जाई. या नव्या पद्धतीत पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा.

आबालाल याच शाळेत शिकले आणि १८८८ च्या सुमारास कोल्हापूरला परतले, ते कायमचे. मुंबईत नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला. पण मन रमले ते रंकाळा तलावावर आणि कोटितीर्थाच्या तळ्याकाठी. पाणी, झाडी, कलता प्रकाश हेच त्यांचे विषय. रंगांचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवण्याच्या त्यांच्या रीतीमुळे काहींना फ्रेंच दृक्प्रत्ययवादी आठवतात. मला मात्र त्यांच्या घराण्याचा व्यवसाय अधिक जवळचा वाटतो. कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्यांचे ते घर. एकदा टेकवलेली लेखणी मागे घेता येत नाही, हा धडा त्या घरात जलरंगांच्या आधीच गिरवला गेला असणार. आता चित्र कोणाला माहिती पुरवण्यासाठी उरले नव्हते. तांबटाच्या काळापासूनचे खरे वळण हे.

१९२२ मध्ये महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात. दंतकथेचा अंश त्यात असेलही. १९३१ मध्ये ते निवर्तले, पण निसर्गचित्रणाचे वेड शहरात टिकले. पुढे पडद्यावर गाजलेले चंद्रकांत मांढरे यांनीही ते जोपासले. राजारामपुरीतले त्यांचे घर आज त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. आबालालांची हाती उरलेली काही चित्रे टाउन हॉलच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.