शेवग्यावरील सुरवंट

मालवणच्या बाजूस गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचें सांबार यांच्या जोडीला शेगलाची भाजी लागतेच. शेगूल म्हणजे आपला शेवगा. ऐन पावसांत त्याचा कोवळा पाला ओरबाडावयास परड्यांत गेलेल्या बाईचा हात कधीं कधीं केसाळ सुरवंटावर पडतो. मग कातडी लाल होऊन गांध्या उठतात. इतक्या जुन्या ओळखीच्या या प्राण्याचें निश्चित ज्ञान मात्र आम्हांस फार उशिरां झालें.

हॅम्पसन यानें १८९२ ते १८९६ या काळांत हिंदुस्थानांतील पतंगांचे चार खंड लिहिले. त्याचा भर पंखांवर. शेतकऱ्याचा संबंध अळीशीं! ती बाजू फ्लेचर याच्या १९१४ सालीं मद्रासेस निघालेल्या दक्षिणेकडील कीटकांवरील ग्रंथांत आली. शेवग्यावरील सुरवंटाचें शास्त्रीय नांव युप्टेरोट मॉलिफेरा. या अळ्या रात्रीं पाला खातात व दिवसा खोडावर एकमेकींस चिकटून बसतात. म्हणून त्यांच्यावर पलिता फिरवावयाचा तो दिवसा. (सुरवंटाचें फुलपाखरूं होतें असें आम्ही मुलांस शिकवितों, याचा होतो तो पतंग.)

परंतु खाज कां येते? याचा शोध फ्रान्समध्यें फाब्रनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या अंगावर घेतला. पाइन वृक्षावरील सुरवंटांच्या टाकलेल्या कातींचा ईथरमध्यें अर्क काढून तो त्यानें टिपकागदानें आपल्या हातावर बांधला. रात्रभर झोंप आली नाहीं. उलट, ईथरनें धुतलेले केस निरुपद्रवी ठरले. म्हणजे केस ही केवळ सुई, विष निराळें. तें विष्ठेंतून येतें हा त्याचा तर्क पुढें टिकला नाहीं. पाइनवरील त्या जातीच्या सूक्ष्म केसांतच खाज आणणारीं प्रथिनें सांपडलीं. तथापि टाकलेली कातही बाधते, हें त्याचें निरीक्षण आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. सुरवंट मेला म्हणून त्याचे केस मरत नाहींत. आणि हात चोळल्यानें ते अधिकच आंत रुततात.

माणूस ज्याला बोट लावीत नाहीं तो केसाळ सुरवंट पावशा आणि चातक यांचें आवडतें खाद्य आहे. कोकिळकुळांतील हे पक्षी पुष्कळदां अळी चोंचींत दाबून तिच्या पोटांतील घाण काढून टाकतात व मग ती केसांसकट गिळतात. कोंकणांत ‘पेरते व्हा’ म्हणून ज्याची हांक ऐकतात तो हाच पावशा.